संकल्पातील लहान शब्द : संस्कृतातील ‘च’, ‘वा’, ‘न’ आणि ‘मा’ यांचा परिचय

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांच्या कानांवर दिवसभरात पुष्कळ संस्कृत पडते. पहाटेची पूजा, अभिषेकाचा संकल्प, होमातील आहुती, सायंकाळचे स्तोत्रपठण, यांपैकी काही ना काही प्रत्येकाने ऐकलेले असते. ज्यांनी संस्कृत शिकलेले नाही अशा मराठी भाषकांनाही त्यातील बरेच शब्द ओळखीचे वाटतात. कारण देव, भक्त, पुष्प, फल, जल, ज्ञान, दान हे शब्द मराठीतही आहेत. त्यामुळे ‘अर्थ साधारण कळतो’ असे अनेकजण समाधानाने सांगतात. परंतु कळलेली असतात ती बहुधा नामे. त्या नामांना एकमेकांशी जोडणारे, त्यांत पर्याय सांगणारे आणि त्यांना नाकारणारे शब्द एक-दोन अक्षरांचे असतात आणि ते कानांवरून निसटून जातात. ‘ज्ञान’ हा शब्द ऐकू आला, पण त्याच्यामागे नकार होता की नव्हता हे ऐकू आले नाही, तर अर्थ साधारण कळला असे म्हणता येत नाही. तो अगदी उलटाही कळलेला असू शकतो.

या लहान शब्दांना व्याकरणात अव्यये म्हणतात. ज्यात व्यय, म्हणजे बदल होत नाही ते अव्यय. लिंग, वचन, विभक्ती यांमुळे त्यांचे रूप पालटत नाही. (हेच भगवान विष्णूंचे एक नामही आहे आणि त्याच्या आरंभीचा ‘अ’ हा स्वतःच एक नकार आहे.) पाणिनीने ‘च’ पासून सुरू होणारा अशा शब्दांचा एक गण सांगून त्यांस निपात ही संज्ञा दिली. शिकणाऱ्यास यात मोठी सोय आहे. ‘देव’ शब्द चालवावयाचा तर संबोधनासह चोवीस रूपे पाठ करावी लागतात. ‘च’ चे रूप एकच.

‘च’ : मराठीतला आणि संस्कृतातला

मराठी भाविकाची पहिली गल्लत येथेच होते. मराठीतही ‘च’ आहे आणि तोही शब्दाच्या मागे जोडूनच येतो. ‘रामच आला’ याचा अर्थ दुसरा कोणी आला नाही. ‘रामश्च’ ऐकताच मराठी कानाला ‘रामच’ ऐकल्याचा भास होतो. प्रत्यक्षात संस्कृत ‘रामश्च’ म्हणजे ‘आणि राम’. मराठीचा ‘च’ इतरांना बाजूला सारतो, तर संस्कृतचा ‘च’ आणखी एकाला आत घेतो. जुन्या मराठीत आपला ‘च’ हा ‘चि’ असा दिसतो आणि संस्कृतात त्याचे काम ‘एव’ हे अव्यय करते. ‘रामच’ याला संस्कृतात ‘रामः एव’ म्हणावे लागेल. ‘चैव’ असा जोडशब्द वारंवार ऐकू येतो, त्यात हे दोन्ही एकत्र आलेले असतात : च आणि एव.

दुसरी गोष्ट जागेची. मराठीतील ‘आणि’ दोन शब्दांच्या मध्ये उभा राहतो. संस्कृत ‘च’ ज्याला जोडावयाचे त्याच्या मागे येतो आणि वाक्याच्या आरंभी कधीही येत नाही.

भक्तः पुष्पं फलं च आनयति। (भक्त फूल आणि फळ आणतो.)
भक्तः पुष्पं च फलं च आनयति। (अर्थ तोच.)

‘च’ शेवटी एकदा म्हटला तरी चालतो, प्रत्येक शब्दामागे म्हटला तरी चालतो. दोन वाक्ये जोडावयाची असतील तर तो दुसऱ्या वाक्यातील पहिल्या शब्दानंतर बसतो : ‘भक्तः स्नाति, देवं च पूजयति’, म्हणजे भक्त स्नान करतो आणि देवाची पूजा करतो. येथे ‘देवाचीही पूजा करतो’ असा अर्थ घेतल्यास आणखी कोणाची पूजा केली असा प्रश्न उगाच निर्माण होतो.

‘च’ ने जोडलेल्या शब्दांची संख्या क्रियापदात दिसते. ‘पुत्रः पिता च गच्छतः’ यात दोघे आहेत म्हणून द्विवचन. ‘माता पिता पुत्रश्च गच्छन्ति’ यात तिघे म्हणून बहुवचन. त्यात ‘मी’ असेल तर क्रियापद ‘मी’चे ऐकते : ‘अहं पत्नी च गच्छावः’, मी आणि पत्नी जातो.

जुन्या वैयाकरणांनी ‘च’ चे चार अर्थ सांगितले आहेत : समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार. यात्रेकरूच्या दृष्टीने अन्वाचय मोठा मनोरंजक आहे. त्यात एक काम मुख्य आणि दुसरे जाता जाता करावयाचे असते. ‘तीर्थं गच्छ, पुष्पाणि च आनय’, म्हणजे तीर्थाला जा आणि जमल्यास फुलेही आण. फुले मिळाली नाहीत म्हणून तीर्थाला जाणे राहू नये, हे त्या एका ‘च’ मध्ये गृहीत आहे. मराठी ‘आणि’ने हा भेद आपोआप कळत नाही, तो बोलणाऱ्याच्या स्वरावरून ओळखावा लागतो.

उरलेल्या दोन अर्थांनी द्वंद्व समास होतो आणि तो तर प्रत्येक पूजेत ऐकू येतो. पूजेच्या आरंभी ‘लक्ष्मीनारायणाभ्यां नमः’, ‘उमामहेश्वराभ्यां नमः’, ‘मातापितृभ्यां नमः’ असे देवतावंदन होते. यात ‘च’ कोठेही उच्चारलेला नाही, तरी तो आहे. ‘लक्ष्मी आणि नारायण या दोघांना’ हा अर्थ ‘भ्याम्’ या द्विवचनाच्या प्रत्ययातून येतो. तीन किंवा अधिक देवता असतील तर तेथे ‘भ्यः’ ऐकू येईल : ब्रह्मविष्णुमहेश्वरेभ्यः. पुढील पूजेच्या वेळी केवळ हा प्रत्यय लक्ष देऊन ऐकला तरी नमस्कार किती देवतांना चालला आहे ते कळते. समाहारात मात्र अनेकांचा एकच पुंजका मानून नपुंसकलिंगी एकवचन येते. ‘पाणिपादम्’ म्हणजे हात आणि पाय. शरीराची अंगे, वाद्यवादकांचा मेळ आणि सेनेची अंगे यांच्यासाठी पाणिनीने हा एकवचनी प्रकारच सांगितला आहे.

एका शब्दाविषयी सावध करणे आवश्यक आहे. ‘पितरौ’ हा शब्द ऐकून पितरांची, म्हणजे पूर्वजांची आठवण होते. हे ‘पितृ’ शब्दाचे द्विवचन असले तरी त्याचा अर्थ ‘दोन पिते’ असाही नव्हे. तो ‘माता आणि पिता’ असा आहे. दोन शब्दांपैकी एकच शिल्लक राहतो आणि दुसऱ्याचा अर्थ आपल्यात सामावून घेतो, म्हणून याला एकशेष म्हणतात.

‘वा’ आणि ‘तु’

‘वा’ म्हणजे किंवा. तोही ‘च’ प्रमाणेच शब्दाच्या मागे येतो : ‘पुत्रो वा पिता वा गच्छति’. येथे जाणारा एकच आहे, म्हणून क्रियापद एकवचनी. मराठीतील ‘किंवा’ हा ‘किम्’ आणि ‘वा’ यांचा, ‘अथवा’ हा ‘अथ’ आणि ‘वा’ यांचा जोड आहे. ‘परंतु’ मधील ‘तु’ संस्कृतात एकटा येतो, तेव्हा त्याला मराठीतील ‘मात्र’ हा शब्द अगदी नेमका बसतो, जागेसकट : ‘पिता गच्छति, पुत्रः तु न गच्छति’, वडील जातात, मुलगा मात्र जात नाही.

‘न’ आणि ‘मा’

‘न’ने विधान नाकारले जाते. मराठीत नकार क्रियापदाच्या मागे येतो, ‘जात नाही’. संस्कृतात तो बहुधा क्रियापदाच्या आधी येतो, ‘न गच्छति’. संधी झाला की तो पुढच्या शब्दात विरघळतो. न अस्ति याचे नास्ति होते, न इति याचे नेति, न एव याचे नैव. ‘नास्ति’ वरूनच ‘नास्तिक’ हा शब्द आला. ‘नैव’ याचा अर्थ ‘मुळीच नाही’; येथे मराठीच्या ‘मुळीच’ मधला ‘च’ आणि संस्कृतचा ‘एव’ पुन्हा एकमेकांसमोर येतात. दोन गोष्टी एकदम नाकारावयाच्या तर ‘न माता न च पिता’ असे म्हणतात. दोन नकार एकाच गोष्टीवर पडले तर होकार दृढ होतो : ‘न असत्यम्’ म्हणजे सत्यच.

आज्ञा करून एखादी गोष्ट थांबवावयाची असेल तर ‘न’ चालत नाही, तेथे ‘मा’ लागतो. ‘मा गच्छ’, जाऊ नकोस. ‘मा कुरु’, करू नकोस. जुन्या शिष्ट भाषेत ‘मा’ बरोबर लुङ् म्हणजे एक भूतकाळी रूप येते आणि त्याच्या आरंभीचा ‘अ’ गळतो. ‘अगमः’ म्हणजे तू गेलास. ‘मा गमः’ म्हणजे जाऊ नकोस. ‘मा भैषीः’ म्हणजे भिऊ नकोस. देवमूर्तीच्या अभयमुद्रेचा अर्थ शब्दांत सांगावयाचा तर हाच. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी असाही एक अर्थ आहे, तेव्हा ‘माधव’ या नामात नकार शोधू नये.

या ‘मा’ने महाराष्ट्राच्या भूमीवरील एका राजाची फजिती केल्याची कथा प्रसिद्ध आहे. काश्मीरचे पंडित सोमदेव यांनी अकराव्या शतकात राणी सूर्यवतीसाठी रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी. वसंतात राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने थकलेल्या एका राणीने त्याला ‘पाणी उडवू नका’ अशी विनवणी संस्कृतात केली. ‘मा’ आणि ‘उदकैः’ हे दोन शब्द संधीने जोडले गेले आणि ‘मोदकैः’ झाले. राजाला व्याकरण येत नव्हते. राणी मोदकांची इच्छा करते आहे असे समजून त्याने तत्काळ पुष्कळ मोदक मागविले. राणी हसली, परिवार हसला. पाण्यात मोदकांचे काय काम, ‘मा’ आणि ‘उदक’ यांचा संधीही ठाऊक नाही काय, असे तिने त्याला ऐकविले. राजाने जलक्रीडा सोडली, अन्नपाणी वर्ज्य केले आणि विद्या तरी मिळेल नाहीतर मृत्यू तरी येईल, असा निश्चय केला.

पुढचा भाग कमी प्रसिद्ध आहे, पण अधिक मोलाचा आहे. राजाचे दोन मंत्री होते, गुणाढ्य आणि शर्ववर्मा. व्याकरण शिकावयास सर्वसाधारण मनुष्यास बारा वर्षे लागतात, आपण ते सहा वर्षांत शिकवू, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांचे वचन दिले. ते ऐकून गुणाढ्याने पण लावला, की असे घडल्यास आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून देऊ. शर्ववर्म्याने कुमार कार्तिकेयाची आराधना केली आणि त्याच्या प्रसादाने संक्षिप्त व्याकरण प्राप्त करून घेतले. ते ‘कातन्त्र’ या नावाने ओळखले जाते. कुमाराच्या कृपेचे म्हणून ‘कौमार’ असेही म्हणतात. राजा सहा महिन्यांत शिकला. गुणाढ्याने शब्द पाळून विंध्याच्या अरण्यात पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ लिहिली. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. सोमदेवांचा ग्रंथ तिच्याच परंपरेतला. एवढ्या मोठ्या कथासागराच्या उगमाशी एक न ओळखलेला ‘मा’ आहे. कथेतील राजा अक्षरशत्रू नव्हता, त्याला ‘मोदक’ हे नाम चांगलेच कळले होते. निसटले ते केवळ अव्यय.

शब्दाच्या पोटातील नकार

‘न’ जेव्हा नामाशी समास पावतो तेव्हा त्याचे रूप बदलते. पुढे व्यंजन असेल तर ‘अ’ होतो : अधर्म, अच्युत, अमृत. पुढे स्वर असेल तर ‘अन्’ होतो : अनादि, अनन्त, अनुचित. पूजेतील अक्षता हा याचाच नमुना. क्षत म्हणजे मोडलेले; न मोडलेले तांदूळ ते अक्षत. तुटके तांदूळ पूजेस घेऊ नयेत हा नियम त्या नावातच सांगितलेला आहे. काही शब्दांत मात्र ‘न’ जसाच्या तसा राहतो आणि पाणिनीने ते मोजून सांगितले आहेत. नपुंसक, नकुल, नक्षत्र हे त्यांतले. ‘नाक’ हाही त्यांतलाच. संस्कृतात ‘नाक’ म्हणजे स्वर्ग : ‘अक’ म्हणजे दुःख, ते जेथे नाही ते स्थान.

आरंभी ‘अ’ किंवा ‘अन’ दिसला की नकारच, असेही समजू नये. ‘अनुपम’ मध्ये नकार आहे : अन् आणि उपमा. ‘अनुग्रह’ मध्ये नाही. तेथे ‘अनु’ हा उपसर्ग आहे. ‘अनुष्ठान’ही तसेच. ‘अन्न’, ‘अग्नि’, ‘अनिल’ यांत नकाराचा लवलेश नाही.

नकाराचेही सहा प्रकार परंपरेने मानले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पता, अप्रशस्तपणा आणि विरोध. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला कोणीही नव्हे, तर शत्रू. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा अभाव एवढेच नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध जाणारे आचरण. ‘अनुदरा कन्या’ म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, तर बारीक कमरेची. ‘अमूल्य’ या मराठी माणसाच्या रोजच्या शब्दाकडे पाहिले तरी नकार किती सावधपणे वाचावा लागतो ते दिसेल. अक्षरशः अर्थ ‘मूल्य नसलेले’ असा होईल, परंतु ज्याचे मूल्य होऊ शकत नाही त्याला तो लावतात.

आता ज्या ठिकाणी खरा धोका आहे तेथे यावे. समजा, एखाद्या भाविकास देवापुढे म्हणावयाचे आहे, ‘माझे अज्ञान नष्ट होवो’. संस्कृतात : ‘मम अज्ञानं नश्यतु’. संधी करून म्हटले की ‘ममाज्ञानं नश्यतु’. येथे नकाराची सारी खूण ‘मा’ या दीर्घ स्वरात उरली आहे. घाईत तो ऱ्हस्व उच्चारला गेला तर ऐकू येते ‘मम ज्ञानं नश्यतु’, म्हणजे माझे ज्ञान नष्ट होवो. भाव शुद्ध असला तर देव चुका पोटात घालतो, ही श्रद्धा योग्यच आहे. तथापि जे मागावयाचे त्याच्या नेमके उलट शब्द तोंडून जात आहेत, हे ठाऊक झाल्यावर ते तसेच चालू ठेवण्यात श्रद्धा नाही, आळस आहे.

दुसरा धोका छपाईचा आणि कोरीव कामाचा. ‘देवः अभयं ददाति’ याचा संधी ‘देवोऽभयं ददाति’ असा होतो : देव अभय देतो. ‘देवः भयं ददाति’ याचा संधी ‘देवो भयं ददाति’ असा होतो : देव भय देतो. दोन्हींचा उच्चार एकच. कानाला काहीही फरक कळत नाही. कागदावर तो ‘ऽ’ या एका चिन्हाने, अवग्रहाने दाखविला जातो. हे चिन्ह म्हणजे गळालेल्या ‘अ’ची खूण. अनेक दानशूर भाविक स्तोत्रांच्या पुस्तिका छापून वाटतात, सभामंडपात संगमरवरी फलक बसवितात. अक्षरजुळणी करणाऱ्यास किंवा पाथरवटास हे चिन्ह अनावश्यक वेलबुट्टीसारखे वाटून तो ते गाळण्याचा संभव असतो. कागदावरील चूक पुढील आवृत्तीत सुधारता येते, दगडावरील पिढ्यान्‌पिढ्या राहते. म्हणून मजकूर कोरावयास देण्यापूर्वी संस्कृत जाणणाऱ्या व्यक्तीकडून अवग्रह आणि दीर्घ स्वर एवढे तरी तपासून घ्यावेत. मोठी चूक कोणाच्याही नजरेस येते. ही येत नाही. स्वतः वाचताना जेथे शंका येईल तेथे संधी सोडवून, ‘देवः अभयम्’ असे थांबून म्हणण्यास काहीच हरकत नाही.

‘न मम’

शेवटी दात्यांच्या विशेष जिव्हाळ्याचे दोन शब्द. होमात प्रत्येक आहुतीनंतर यजमानाने देवतेचे नाव घेऊन ‘इदं न मम’ असे म्हणावयाचे असते : हे माझे नाही. दानाचा संकल्प सोडतानाही शेवटी ‘न मम’ येते. मीमांसकांनी यागाचे स्वरूप सांगताना देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग असे सांगितले आहे. तो त्याग शब्दात उतरतो तो येथे. तूप अग्नीत पुरोहित घालतात, परंतु ‘न मम’ म्हणावयाचे ते यजमानाने, कारण वस्तू त्याची आहे आणि हक्क सोडावयाचा तो त्यालाच.

‘नमः’ शब्दाची फोडही ‘न मम’ अशीच करून प्रवचनांत सांगितली जाते. ती भावपूर्ण आहे, ऐकावीही. परंतु व्याकरणदृष्ट्या ‘नमः’ हा नम्, म्हणजे वाकणे, या धातूपासून आलेला स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्या योगात चतुर्थी विभक्ती येते, म्हणूनच ‘देवाय नमः’. ‘न मम’ मधील ‘मम’ ही षष्ठी आहे : माझे.

गर्दीच्या दिवशी होमशाळेत अनेक यजमान एकाच वेळी बसतात आणि पुरोहितांच्या मागोमाग घाईने शब्द उच्चारतात. त्या घाईत ‘न’ हे ऱ्हस्व अक्षर दाबले गेले तर केवळ ‘मम’ उरते आणि देणारा हातातील वस्तू सोडताना ‘हे माझे’ असे म्हणून जातो. यासाठी ‘इदम्’ नंतर अंमळ थांबावे, ‘न’ स्वतंत्र आणि स्पष्ट उच्चारावा, मग ‘मम’ म्हणावे. होमास बसण्यापूर्वी पुरोहितांकडून हे शब्द एकदा म्हणवून घ्यावेत. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.